थोरली की धाकटी

माझा धंदा जुन्या बोटी विकायचा. शिडाच्या, राहत्या बोटी. माणूस चूल, अंथरूण आणि बायको घेऊन महिनोन्महिने समुद्रावर काढू शकेल अशा. या धंद्यात गोड बोलावं लागतं आणि वेळेवर गप्पही बसावं लागतं. मला दोन्ही जमतं. तरी वीसेक वर्षं माझ्या अन्नात माती कालवायचं काम एका जोडप्यानं इमानेइतबारे केलं. गिऱ्हाईक बोटीवर खूश व्हायचं, कुणी कुठल्या बाजूला झोपायचं यावरून नवराबायकोचं लाडिक भांडणसुद्धा होऊन जायचं, आणि मग फाटकाशी पोचल्यावर म्हणायचं, "एकदा मास्तरांना आणि वहिनींना दाखवून घेतो हं." की सौदा बुडाला म्हणून समजा.

मास्तर म्हणजे बोटींचे परीक्षक. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चुका काढायची हौस म्हणून बंदरानं ते नाव ठेवलं होतं. वहिनी त्यांची बायको आणि धंद्यातली भागीदार. बोटीचं अंग मास्तरांचं, शिडं आणि तारा वहिनींच्या. मास्तर हातात छोटी हातोडी घेऊन बोटीच्या पोटावर वीत-वीत अंतरानं ठोकत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर पुढे; भद्द आवाज आला की आत पाणी मुरलंय म्हणून तिथे खडूनं गोल. वहिनी डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांवरून कापसाचा बोळा फिरवायच्या. तारेतला एखादा बारीक पदर तुटला असला की कापूस अडकायचा. शिडाच्या शिवणीवर त्या नख ओढायच्या आणि दोरा तुटला की माझ्याकडे बघून गोड हसायच्या. ते हसू मला खडूच्या गोलांपेक्षा महागात पडायचं.

दोघांचा एक नियम होता. बघून झालं की केबिनमध्ये समोरासमोर बसायचं, थर्मासमधला चहा ओतायचा, आणि एकाच वेळी एकेकच शब्द बोलायचा: 'घ्यावी' नाहीतर 'नको'. आधी चर्चा नाही, खाणाखुणा नाहीत. शब्द जुळला तर तोच गिऱ्हाइकाला सांगायचा. नाही जुळला तर हातोडी आणि कापूस घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "एकाच्याच डोळ्यावर विसंबलं की माणूस बुडतो," मास्तर म्हणायचे. बहुतेक वेळा त्यांचे शब्द जुळायचे, आणि बहुतेक वेळा तो 'नको' असायचा. मी दोघांना तोंडावर शिव्या घालायचो आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवायला जायचो. माझ्यासारख्या सड्याफटिंग माणसाला ते घर होतं म्हणून घर म्हणजे काय ते ठाऊक.

हिवाळा सरत आला होता त्या सुमाराची गोष्ट. माझं ऑफिस म्हणजे यार्डाच्या फाटकाशी एक पत्र्याची खोली: एक टेबल, एक हीटर, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या बोटींच्या किल्ल्या. दोघं आत आली, आणि वहिनी बसायच्या आधीच म्हणाल्या, "भावजी, आज गिऱ्हाईक आम्हीच."

"देवा रे," मी म्हणालो. "म्हणजे आता तुमची बोट तपासायला मी कुणाला बोलावू?"

मास्तर हसले. मी चहाचे कप पुढे केले, साखरेची बरणी सरकवली. मास्तरांनी झाकणाला हात घातला आणि ते झाकण फिरवत राहिले. झाकण फिरत नव्हतं. वहिनींनी बरणी घेतली नाही, खिडकीकडे तोंड केलं. माझ्या तोंडावर विनोद तयार होता, तो तिथेच विरला.

"हात निकामी होत चाललेत माझे," मास्तर म्हणाले, 'बोल्ट गंजलेत' म्हणायचे त्याच आवाजात. "आधी हात, मग पाय, मग श्वास. डॉक्टरांनी क्रमसुद्धा सांगून ठेवलाय, म्हणजे आपली गडबड नको. हा उन्हाळा माझा आहे, शेठ. पुढचा बहुतेक नाही. जन्मभर लोकांच्या बोटी ठोकल्या, एकीतही झोपलो नाही. मला हिच्याबरोबर बंदराबाहेर जायचंय. त्या भूशिराच्या पलीकडे, जिथून गाव दिसत नाही तिथे नांगर टाकून सकाळी उठायचंय. एक उन्हाळा. बस."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी मोठ्यानं बोलतो. "मग बसलात काय!" मी ओरडलो. "यार्डात दोन आहेत, चला!"

दोन खरोखरच होत्या, लाकडी टेकूंवर शेजारी शेजारी उभ्या. दोन्ही छत्तीस फुटी. एकीचं नाक दुसरीपेक्षा वीतभर पुढे, एवढाच फरक. वहिनींनी तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं. वीतभर लांब ती थोरली जाऊ, दुसरी धाकटी. थोरली अंगानं जड, पोटाखालचा कणा नाकापासून शेपटापर्यंत लांबच लांब. वळायला आळशी, पण लाटेत माणसाला हिसका न देणारी. आत उतरायला तीन रुंद पायऱ्या, मधोमध ऐसपैस बिछाना. मात्र तिची शिडं चढवायचे दोर डोलकाठीशीच बांधलेले. म्हणजे एक माणूस सुकाणूवर आणि एक डोलकाठीशी, दोघं हवीतच. धाकटी हलकी, चपळ, जराशी आगाऊ. तिचे सगळे दोर मागे सुकाणूपाशी आणून सोडलेले. एकट्या माणसानं जागचं न हलता तिला समुद्रभर फिरवावं. पण आत उतरायला उभी शिडी, आणि झोपायला दोन अरुंद बाकं, एक या बाजूला, एक त्या.

दोघांनी कोट काढले आणि कामाला लागली. हातोडी मास्तरांच्या हातातून दोनदा निसटली. मग त्यांनी ती मनगटाला सुतळीनं बांधून घेतली. मी ते बघितलं नाही असं दाखवलं. सांगितलं ना, मला दोन्ही जमतं.

पहिल्याच दिवशी भांडण जुंपलं. मास्तर धाकटीच्या बाजूनं, वहिनी थोरलीच्या.

"धाकटीत तुम्ही काय करणार?" वहिनी म्हणाल्या. "पाहुण्यासारखे बसून राहणार? थोरलीत डोलकाठीशी माणूस लागतो. तो माणूस तुम्ही."

"आणि त्या माणसाचे हात?"

"आळसावलेत हात. कामाला जुंपले की येतील ताळ्यावर."

"अगं, येताना तू एकटी असलीस तर? धाकटी तुला एकटीला परत आणता येईल."

"मी एकटी यायचीच नाहीये, मग आणायची कशाला?" असं म्हणून वहिनी शिडीवरून खाली उतरल्या आणि सरळ फाटकाबाहेर गेल्या.

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई शिडाबद्दल बोलतेय असं वाटलं तुला?" मी म्हणालो, "मला तर तुम्हीही बोटीबद्दल बोलताय असं वाटलं नाही." भांडण बोटींचं नव्हतंच. थोरली घेतली तर मास्तर बरे होते, निदान उन्हाळाभर. धाकटी घेतली तर ते जाणार हे दोघांनी मिळून सही करून दिल्यासारखं होतं.

थंडी ओसरल्यावर दोन्ही बोटी पाण्यात उतरवल्या आणि चालवून बघायचा दिवस ठरला. आधी थोरली. वहिनी सुकाणूवर, मास्तर डोलकाठीशी, मी मध्ये लुडबुडायला. लाटा अडवणारा बांध ओलांडला आणि वहिनींनी हाक दिली, "चढवा!" मास्तरांनी दोर ओढायला सुरुवात केली. शीड अर्ध्याहून वर गेलं. मग त्यांची बोटं उघडली. त्यांनी उघडली नाहीत, आपोआप उघडली. मी अगदी जवळून पाहिलं. दोर सरसरत वर गेला आणि सगळं शीड धाडकन त्यांच्या अंगावर आलं. त्या कापडाच्या ढिगातून त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं.

"वारा एकदम वाढला हो," वहिनी म्हणाल्या.

"वाराच," मास्तर म्हणाले.

वारा पान हलेल इतकासुद्धा नव्हता. मी पुढे होऊन शीड चढवलं.

दुपारी धाकटी. वहिनींनी एकटीनं तिला धक्क्यावरून सोडवली, एकटीनं शीड चढवलं, वाऱ्याच्या तोंडावर नेली, फिरवली, आणि परत आणून अलगद धक्क्याला लावली, अंगणातला झाडू कोपऱ्यात ठेवावा तशी. मास्तर समोरच्या बाकावर हात मांडीत ठेवून बसले होते. एवढे खूश मी त्यांना त्या वर्षात पाहिले नव्हते. "बघितलंस?" ते म्हणाले. "एकटीनं!"

"हो," वहिनी म्हणाल्या. "एकटीनं." आणि त्यांनी तोंड धुवायच्या निमित्तानं नळ सोडला तो बराच वेळ बंद केला नाही.

मग धाकटीची केबिन, थर्मास, चहा. मी शिडीवर बसून ऐकत होतो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घ्यावी." त्या म्हणाल्या, "नको." नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी बोटी पुन्हा टेकूंवर, आणि हातोडी, खडू, कापूस पहिल्यापासून.

मला वाटलं, एक फेरी होईल आणि संपेल. दुसऱ्या फेरीत वहिनींनी नवऱ्याच्या मनासारखं व्हावं म्हणून 'घ्यावी' म्हटलं, आणि मास्तरांनी बायकोच्या मनासारखं व्हावं म्हणून 'नको'. तिसऱ्या फेरीत दोघं थोरलीवर अशीच चुकामूक करून बसली. आणि दर फेरीत नवीन दोष निघायचे, कारण दोष काढण्यात या दोघांचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटीच्या तळाशी ओल. थोरलीच्या सुकाणूला ढिलाई. धाकटीच्या पोटाखालच्या कण्याचे बोल्ट संशयास्पद. थोरलीच्या मागच्या तारेत कापूस अडकला. जुन्या बोटी त्या! छत्तीस फुटांत छत्तीस खोडी असणारच. यार्डातली सगळी माणसं उन्हात शर्ट काढून फिरायला लागली, शेजारच्या धक्क्यांवरच्या बोटी एकेक करून बाहेर पडल्या, आणि ही दोघं टेकूंखाली वाकून खडूचे गोल काढत होती. मास्तरांच्या हातात आता काठी आली होती. हातोडी वहिनी मारायच्या, ते नुसते ऐकायचे.

एक दिवस माझा तोल गेला. "अहो, तळ्यात-मळ्यात खेळताय का?" मी भर यार्डात ओरडलो. "उन्हाळा चाललाय! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते तुमच्यासाठीच!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. वहिनी मला शिडं ठेवायच्या खोलीत घेऊन गेल्या आणि जमिनीवर पसरलेल्या शिडावर बसल्या.

"भावजी, निवडून झालं की निघावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि निघालो की ते शेवटचंच निघणं. आत्ता ते रोज सकाळी उठतात, बूट चढवतात, म्हणतात चल, धाकटीचे बोल्ट बघायचेत. बूट चढवायला पाऊण तास लागतो हो. पण चढवतात. जोवर आम्ही निवडतोय तोवर ते चढवणार. मला तेवढं पुरे आहे."

"आणि त्यांना?"

"त्यांना बोट हवीय," वहिनी म्हणाल्या. "मला ते हवेत."

बाहेर आलो तर मास्तर टेकूपाशी वाट बघत होते. त्यांनी काठीनं माझ्या बुटाला टोचलं. "तिला घाई करू नकोस, शेठ. ती अजून तयार नाही. 'घ्यावी' म्हणेल तेव्हा तिनं मनापासून म्हणायला हवं. नाहीतर सबंध उन्हाळा ती माझ्याकडे बघून रडेल, आणि मी तिला बघून. तोवर काढतो मी दोष, मला काय, येतातच काढता."

"तुमच्याकडे वेळ कुठाय, मास्तर?"

"तिच्याकडे तरी कुठाय?"

दोघांनी मला आपापलं सांगितलं आणि दोघांनी दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलं. अडकित्त्यातल्या सुपारीसारखा मी मध्ये. मी धंदेवाला माणूस, दिवसाला दहा गोष्टी इकडच्या तिकडे करतो. एवढी एक केली असती तर? पण मला वाटलं, नवराबायकोच्या मधे तिसऱ्यानं तोंड घालू नये. हे शहाणपण मला नेमकं तेव्हाच सुचायचं होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक तरुण जोडपं यार्डात आलं. ती दोघं पाठीवर पिशव्या घेऊन सरळ धाकटीपाशी जाऊन उभी राहिली. मी त्यांना मास्तर-वहिनींनी काढलेला एकूणएक दोष सांगितला. हो, मीच, आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला घालवायला बघत होतो. मुलीनं वहिनींचा पत्ता विचारून घेतला आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "आम्ही घेतो." आठवड्याच्या आत ती दोघं निघूनसुद्धा गेली. खडूचे गोल पुसायलाही थांबली नाहीत. धाकटी ते गोल अंगावर घेऊनच भूशिराच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

मास्तर आता चाकाच्या खुर्चीत होते. धाकटी गेल्याचं कळल्यावर दोघं यार्डात आली. मास्तरांना आत उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून थोरलीच्या सावलीत, जमिनीवरच चहा ओतला. कप वहिनींनी त्यांच्या ओठाला लावला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी म्हणाले, "घ्यावी." निवडायला एकच उरली की शब्द जुळतात. ती दोघं हसत होती, मीही हसत होतो, आणि यार्डातला रंगारी आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत होता.

थोरली पाण्यात उतरवली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की आजार आता श्वासापर्यंत पोचलाय, बंदराबाहेर अजिबात न्यायचं नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसा, हवं तेवढं. मी म्हणालो मी येतो सोबत, यार्डातली दोन माणसं घेतो, श्वासाचं यंत्रही चढवू. वहिनींनी नकारार्थी मान हलवली. रात्री झोपेत दोनदा मास्तरांचा चेहरा निळा पडलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. तेव्हा बसणं तेवढं राहिलं. खुर्चीसकट मास्तरांना आम्ही मागच्या उघड्या बैठकीत उतरवायचो, वहिनी सुकाणूवर हात ठेवून शेजारी बसायच्या, आणि बोट दोर ताणून परत धक्क्याकडे यायची. पाच महिने ज्यांनी दोन बोटींमधला केसाएवढा फरक धुंडाळला होता त्यांना आता कुठलीही चालली असती. बांधलेल्या बोटीत थोरली काय नि धाकटी काय.

अशाच एका दुपारी वहिनी पांघरूण आणायला घरी गेल्या होत्या. मास्तर आता थोडं थोडं, थांबून थांबून बोलायचे.

"शेठ. धाकटी घेणाऱ्यांना. दोष सांगितलेस ना सगळे?"

"सगळे सांगितले."

"बोल्टसुद्धा?"

"बोल्टसुद्धा."

"मग? तरी घेतली?"

माझं खोटं बोलण्यावर पोट आहे. तेव्हा एकही सुचलं नाही. "ती मुलगी म्हणाली," मी म्हणालो, "निघू तर खरं. जाता जाता दुरुस्त करू."

मास्तर समोर बघत राहिले. बंदराच्या तोंडातून एक मासेमारीची बोट आत येत होती, तिच्या लाटा धक्क्यापर्यंत येऊन पोचल्या. थोरली हलली, थांबली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जुन्या बोटीला. तेच करायचं असतं." मग श्वास गोळा केला. "हे तिला सांगू नकोस. कधीच. तिला वाटेल. तिच्यामुळे राहिलं."

"तुमच्यामुळे राहिलं का, मग?"

"दोघांमुळे. पण ती. स्वतःलाच धरेल." वहिनी पांघरूण घेऊन येताना दिसल्या तसा त्यांनी चेहरा बदलला, तो बदलायलाही त्यांना केवढा जोर लावावा लागला. "काय म्हणतात भावजी?" वहिनींनी विचारलं. "काही नाही," मास्तर म्हणाले. "धाकटीची. निंदा करतोय."

थंडी पडल्यावर बोटीवर येणं थांबलं, आणि हिवाळा संपायच्या आत मास्तर गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराला सगळं बंदर आलं होतं. त्यात माझे सौदे बुडवून त्यांनी ज्यांना वाचवलं होतं ते झाडून सगळे होते. मी इतका मोठ्यानं बोलत होतो की कुणीतरी मला बाहेर नेलं.

नवा मोसम सुरू होताना वहिनी माझ्या पत्र्याच्या खोलीत आल्या. थोरली विकायची होती. मी चहा केला, साखर मीच घातली. त्या भिंतीवरच्या किल्ल्या बघत होत्या.

"धाकटीची काही खबर, भावजी?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

हे खोटं माझं तयार होतं. हिवाळाभर घासूनपुसून ठेवलं होतं. "कसली खबर घेऊन बसलात! बोल्ट सुटले म्हणे. पाणी भरलं, कुठल्याशा बंदरात अडकून पडलीत बिचारी. मास्तरांचा खडू कधी खोटा पडलाय का? घेतली नाहीत तेच बरं केलंत."

वहिनींनी कप खाली ठेवला. "भावजी, तुमचं खोटं ओळखण्यावर वीस वर्षं माझं पोट भरलंय," त्या म्हणाल्या. "परवाच त्या मुलीचा फोन आला होता. दोन समुद्र पार केलेत त्यांनी. तळाला थेंब पाणी नाही. एक तार बदलली, मी सांगितली होती ती."

मी मान खाली घातली.

"घ्यायच्या आधी ती आमच्याकडे आली होती," वहिनी म्हणाल्या. "मी तिला दोष सांगत बसले. एकूणएक. वाटलं घाबरेल, जाईल, आम्हाला अजून थोडे दिवस मिळतील निवडायला. ती हसली हो. म्हणाली, 'काकू, एवढं तर असणारच. निघू तर खरं, जाता जाता दुरुस्त करू.' हे आतल्या खोलीत पडले होते. मी उठून आधी दार लोटलं. म्हटलं, हे यांच्या कानावर जाता कामा नये. एवढं सोपं होतं हे कळलं तर ते मला काही बोलायचे नाहीत, पण स्वतःला खात बसतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही नाही ना सांगितलंत त्यांना?"

मी गप्प बसलो. ते मला जमतं, असं मी समजत होतो.

"भावजी?"

"त्यांनीच विचारलं होतं, वहिनी. पांघरूण आणायला गेला होतात तेव्हा." माझा आवाज चढायला लागला होता, तो मला आवरेना. "आणि म्हणाले, तिला सांगू नकोस. कधीच."

हीटर चालू होता, बाहेर कुणीतरी टेकू ठोकत होतं.

"म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "सबंध हिवाळा, भावजी. दोन शब्द बोलले की धाप लागायची त्यांना. त्या दोन शब्दांत ते मला धाकटीचे दोष सांगायचे, आणि मी त्यांना थोरलीचे सांगायचे. दोन्ही वाईटच होत्या, निघालो नाही ते बरंच झालं, असं एकमेकांची समजूत काढत बसलो आम्ही. दुसरं काही बोललोच नाही. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. ते खूप वेळ श्वास गोळा करत होते, मला वाटलं माझं नाव घेतील." त्यांनी पदराऐवजी माझ्या टेबलावरचं तेलाचं फडकं उचललं आणि तोंडावर धरलं. "म्हणाले, 'बोल्ट. गंजलेलेच होते.' मी म्हटलं, 'हो.'"